राजदीप सरदेसाईंच्या कारकिर्दीतून सीमाभागातल्या पोरांनी काय घ्यावं?

टिळकवाडीकर
आमच्याकडची बरीच मुलं आता पत्रकारितेचा कोर्स करतात आणि सगळ्यांना थेट अँकर व्हायचंय. त्यांना मी राजदीप सरदेसाईंची सुरुवात बघायला सांगतो. आधी टाइम्स ऑफ इंडियात वर्तमानपत्री नोकरी, मग १९९४ला एनडीटीव्ही. २००२च्या गुजरात दंगलीत हा माणूस रस्त्यावर उभा राहून बातमी देत होता. २००५ला सीएनएन-आयबीएन उभं केलं आणि २०१४ला मालकी बदलल्यावर ते सोडलंही. क्रिकेटपटू दिलीप सरदेसाईंचा मुलगा म्हणून ओळख आयती होती, पण त्यावर तीस वर्षं टिकता येत नाही.

खानापूरवाला
मान आहेच, पण नुसती आरती नको. जानेवारी २०२१ला दिल्लीतल्या ट्रॅक्टर मोर्चात एक शेतकरी गेला. तो पोलिसांच्या गोळीने गेला, असं राजदीपनी खातरजमा न करता सांगितलं. त्यांच्याच तेव्हाच्या चॅनलने, इंडिया टुडेने, त्यांना दोन आठवडे पडद्यावरून बाजूला ठेवलं. एवढ्या अनुभवाचा माणूस घाईत घसरतो, तर आमच्या पोरांनी काय घ्यायचं?

शहापूरची लेक
खानापूरवाले दादा, एका चुकीवर सगळी कारकीर्द तोलू नका. आयबीएन लोकमत २००८ला सुरू झालं ते त्यांच्याच नेटवर्कमधून. मराठी बातम्यांसाठी ते थोडं नव्हतं.

खानापूरवाला
ताई, मराठी चॅनल आलं म्हणून सीमाभाग दिसला का? २००५ला बेळगावचे महापौर विजय मोरेंच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं, तेव्हा कॅमेरे धावले. डिसेंबर २०२२ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर ट्रकांवर दगड पडले, तेव्हा पुन्हा धावले. फुटलेल्या काचेचं तेच ते दृश्य रात्रभर फिरत होतं. एसटीने फेऱ्या थांबवल्या होत्या. सीमेवरच्या कोगनोळीजवळ बाया पिशव्या डोक्यावर घेऊन चालत निघालेल्या मी बघितल्या. त्यांच्यापुढे कुणी माइक धरला नाही. २००४पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा पडून आहे, तो नेमका काय आहे हे दिल्लीच्या कुठल्या अँकरने नीट समजावलं? राजदीप धरून सगळ्यांना विचारतोय.

निपाणीकर मास्तर
हे पटलं. पण दोष माणसापेक्षा स्टुडिओतल्या चर्चेचा जास्त आहे. आठ चौकटी, आठ आवाज. जुलै २०१४ला बेळगावजवळच्या येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक काढला, गावात लाठ्या पडल्या. ते समजून घ्यायला येळ्ळूरच्या घराघरात बसावं लागतं, आणि त्यासाठी कानडी-मराठी दोन्ही यायला हवं.

टिळकवाडीकर
मास्तर, माझंही तेच म्हणणं आहे की ओ. दिल्लीचा माणूस आमच्यासाठी कानडी शिकेल ही आशा कशाला? आमच्या पोरांना दोन्ही भाषा घरातूनच येतात. राजदीपकडून त्यांनी पहिली दहा वर्षं घ्यावीत, स्टुडिओची नकोत.

खानापूरवाला
घेऊ देत. पण ही पोरं शिकून पुण्या-मुंबईला जातात, ती परत येऊन खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर बातमी करतील, असा पगार इथं देतं कोण? त्याचं उत्तर असेल तर मी लगेच तुमच्या बाजूला येतो.