त्सेत्से माशी आणि व्हर्वेट माकडीण: एका वेळी एकच पिल्लू, मग फरक कुठे?

रानवाट: आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात व्हर्वेट माकडंही आहेत आणि 'मॉर्सिटान्स' जातीची त्सेत्से माशीही (रक्त पिणारी, निद्रारोग पसरवणारी). दोघींनाही एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दोघी त्याला 'दूध' पाजतात. बारावीच्या वर्गात ही तुलना घ्यायची आहे. कुठवर ताणावी?

कीटककट्टा: दूध म्हणा खुशाल, पण जागा सांगा. माशीच्या गर्भाशयाला जोडलेली ग्रंथी फांद्या फुटल्यासारखी पोटभर पसरलेली असते. तिच्यातला प्रथिनं आणि मेदाचा स्राव अळी गर्भाशयात असतानाच तोंडाने पिते. वार, नाळ काही नाही; अंडं आतच फुटतं. म्हणजे माशीचं सगळं दूधपाणी जन्माआधीच उरकतं, माकडिणीचं जन्मानंतर सुरू होतं.

व्हर्वेटचा गर्भकाळ साधारण साडेपाच महिने, माशीची एक अळी 9-10 दिवसांत तयार. पण ती बाहेर येते तेव्हा वजनाला जवळजवळ आईएवढी! पुढे ती काहीच खात नाही. सावलीतल्या भुसभुशीत मातीत शिरते आणि तिथेच कोष होतो. 25 अंशांच्या आसपास महिन्याभराने माशी निघते.

रानवाट: रक्त फक्त मादीच पिते ना, डासासारखं?

कीटककट्टा: नाही, नरही. दुसरं अन्नच नाही. नुसत्या रक्तात ब जीवनसत्त्वं पुरेशी नसतात, ती पोटातले विगल्सवर्थिया जीवाणू बनवतात आणि हे जीवाणू दुधातूनच अळीकडे जातात. म्हणून प्रयोगशाळेत पाजायच्या रक्तात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक असलं की हे जीवाणू मरतात आणि माद्या वांझ होतात.

निळंकापड: नियंत्रणाचा मुद्दा सोडू नका. मादी दोन-तीन महिने जगली तरी पिल्लं जेमतेम 8-10. त्यामुळे एरवीच्या मरणावर रोज आणखी 4 टक्के माद्या मरत राहिल्या तरी वस्ती संपते. शेकड्याने अंडी घालणाऱ्या डासाला हा हिशेब लावून बघा, काही हाती लागणार नाही.

रानात यासाठी कीटकनाशक लावलेली निळी-काळी कापडं उभी करतात: चौरस किलोमीटरला साधारण 4, सोबत माशीला ओढून घेणारा ॲसिटोन आणि ऑक्टेनॉल या रसायनांचा वास. फसतं ते देखभालीत. भोवतीचं गवत वाढून कापड झाकलं जातं, उन्हापावसात औषधाचा जोर जातो.

आणि मादीचा समागम बहुधा एकदाच होतो; तो वांझ नराशी झाला की तिला पिल्लं होत नाहीत. झांझिबारच्या उंगुजा बेटावर 1994 ते 1997 मध्ये किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडून माशी संपवली. फक्त ती जात वेगळी, 'ऑस्टेनी'. फळ्यावर मॉर्सिटान्स लिहू नका.