आई-वडिलांना आधी शब्द समजावून सांगावेत का?

खाडीकाठ (कुडाळ) :
यंदा गणपतीला मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाने आपण समलैंगिक असल्याचे घरात सांगितले, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तू आता साडी नेसतलस काय रे?" त्यात कुचेष्टा नव्हती, भीती होती. आमच्या घरात या साऱ्यासाठी एकच शब्द होता आणि तो शिवीसारखाच वापरला जाई.

म्हणून माझे मत असे आहे की समजून घेण्याची विनवणी करण्यापूर्वी पालकांना तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगाव्यात : जन्मतः शरीर पाहून नोंदवलेले लिंग, आपण स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही मानतो तो लिंगभाव, आणि आपले मन कोणाकडे ओढ घेते तो लैंगिक कल. बाबांना मी दशावतारातले उदाहरण दिले. रात्री देवळासमोर राणी होऊन उभा राहणारा नट सकाळी शेतावर जातो, त्याचा संसार असतो. त्याचा वेश स्त्रीचा, लिंगभाव पुरुषाचा आणि कल स्त्रीकडे. भावाचा लिंगभावही पुरुषाचाच आहे, फक्त कल पुरुषांकडे आहे. बाबा बराच वेळ गप्प राहिले, पण साडीचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

देवगडकर :
हे मला मान्य नाही. माझ्या मुलीने जेव्हा सांगितले की तिला आयुष्य एका मैत्रिणीबरोबर काढायचे आहे, तेव्हा तिच्या भावाने मला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर, नॉन-बायनरी अशी लांबलचक यादी पाठवली. मी ती पंधरा दिवस वाचत बसलो आणि त्या पंधरा दिवसांत मुलीशी एक वाक्यही बोललो नाही. शिकतो आहे असे स्वतःला सांगत मी तिला टाळतच होतो. शिवाय 'समलैंगिक' या शब्दात 'लैंगिक' इतके ठळक आहे की आमच्या पिढीला त्यात केवळ शरीरसंबंध ऐकू येतो. तिला कोणाबरोबर संसार करावासा वाटतो, कोणाच्या आजारपणात उशाशी बसावेसे वाटते, हे त्यात ऐकूच येत नाही.

दशावताराचे उदाहरणही जपून द्यावे. नटाने सकाळी लुगडे उतरवले, तसे तूही हे सोडून दे, असे उद्या एखादा काका म्हणेल.

वाशिष्ठी (चिपळूण) :
देवगडकर, आपण त्या पंधरा दिवसांबद्दल इतके प्रामाणिकपणे लिहिलेत याबद्दल आदर आहे. पण शब्द चुकल्याची किंमत मी भोगली आहे. माझी लेक पारलिंगी आहे, म्हणजे जन्मतः तिची नोंद मुलगा अशी झाली, पण ती स्वतःला मुलगी मानते. दोन वर्षे मी "माझा मुलगा समलैंगिक आहे" असेच धरून चालले आणि त्यालाच समजूतदारपणा मानत राहिले, आणि ती मात्र मला सांगत होती की ती मुलगा नाहीच. 'तृतीयपंथी' हा एवढाच शब्द मला ठाऊक होता आणि तो ऐकला की लेक घर सोडून जाणार याशिवाय मला दुसरे काही दिसत नसे.

त्याआधी आम्ही ग्रामदेवतेला कौल लावून झाला होता आणि नंतर एका डॉक्टरांनी तिला 'बरे' करण्याची हमी दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढली होती, आणि 2022 पासून लागू झालेल्या संघटनेच्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणेही मानसिक विकारांत मोडत नाही. हा कल किंवा लिंगभाव बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले. मला तेव्हा नेमका शब्द आणि एवढीच माहिती असती, तर त्या दवाखान्याची पायरी मी चढले नसते.

देवगडकर :
वैद्यकीय माहितीबाबत माघार घेतो. ती पहिल्या दिवशीच हवी. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, हे कळल्यावर माझीही निम्मी भीती गेली होती, कारण मुलीच्या दारात पोलीस येतील असेच मला वाटत असे. तरीही शिकवण्याचे ओझे मुलांवर टाकू नये. जे मूल आधीच थरथरत बोलते आहे, त्याने बापाची शिकवणीही घ्यावी हा अन्याय आहे. मुंबईत 2017 पासून 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा अशा पालकांचाच गट आहे. बापाला दुसऱ्या बापाकडून ऐकलेले लवकर पटते.

खाडीकाठ (कुडाळ) :
दशावताराबद्दलचा आक्षेप योग्य आहे. ते उदाहरण वेश आणि लिंगभाव यांतला फरक दाखवण्यापुरतेच वापरावे, हे मला आधी सुचले नव्हते. मुलाने शिकवू नये हेही पटते, मात्र आमच्याकडे भावाच्या ऐवजी मी शिकवले, आणि बहीण-भावंडांनी हे काम अंगावर घ्यावे असेच मला अजून वाटते. 'समलैंगिक' या शब्दाबद्दल काल भावाला विचारले. त्यालाही तो शब्द जड वाटतो, 'गे' म्हटलेले चालेल असे तो म्हणाला. आईने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि विचारले की मावशीला सांगताना हाच शब्द वापरायचा का.