मदत हवी आहे: पॉलिशआधी रंगाची जाडी मोजली, पण एका दारापाशी अडलोय

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात दांडिया बाजारजवळ राहतो. बाबांची गाडी आता मी वापरतो. गल्लीत उभी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दुचाकींच्या हँडलचे ओरखडे आहेत. बरेचसे नखाला लागत नाहीत, डाव्या मागच्या दारावरचे दोन मात्र लागतात.

एका दुकानात दाखवली, तर रंगाची जाडी न मोजताच पॉलिशचं मशीन लावायला निघाले. मी थांबवलं. मित्राकडून जाडी मोजायचं मीटर आणलं, सोबतच्या लोखंडी पट्टीवर शून्य केलं आणि प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजलं. बॉनेट, छत, उजवी बाजू ११० ते १२५ मायक्रॉन. डावं पुढचं दार २४०च्या वर, म्हणजे ते पुन्हा रंगवलेलं असणार. (बंपर प्लास्टिकचा, तिथे हे मीटर चालत नाही.)

अडचण मागच्या दाराची आहे. हँडलखाली फक्त ८५ ते ९०. मीटर प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून एकच आकडा देतं. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो म्हणतात, पण इथे आधीच्या पॉलिशने तो किती उरलाय हे कसं ओळखायचं? दाराच्या आतल्या चौकटीवरचा आकडा तुलनेला धरावा का?

तिथे २००० नंबरचा बारीक घासकागद मारायची मला भीती वाटते. नुसत्या बारीक कंपाउंडने (घासायच्या पॉलिश पेस्टने) ओरखड्याच्या कडा मऊ करून थांबावं का? एकदा क्लिअर कोट गेला की दार रंगवावंच लागेल, आणि बाबांनी जपलेला मूळ रंग मला घालवायचा नाही.

बडोद्यात आधी-नंतर मोजून काम करणारं कोणी माहीत असेल तर नक्की सांगा.