उताराच्या जागेत घराचा पाया कसा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लांज्याजवळ वडिलोपार्जित जागेत घर बांधतोय, तळमजला आणि वर माळा. वरच्या बांधापासून खालच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) 50 फुटांत साधारण 9 फूट उतार आहे.

वरच्या अंगाला फूटभर मातीखाली जांभा लागतो. खालच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तर पांढरट-पिवळी शेडी (मऊ चिकणमाती) निघाली, ओली करून चोळली की बोटांना साबणासारखी बुळबुळीत लागते. खरी काळजी तिचीच आहे.

गवंडी म्हणतात, वरून कापा, खाली भराव टाका, जेसीबीने दाबा आणि सपाटीवर चिऱ्याचं जोतं घ्या. मला हे अजिबात पटत नाही. अर्धं घर कातळावर आणि अर्धं भरावावर असेल तर दोन पावसाळ्यांत भराव बसणार आणि भिंती तडकणार. टप्प्याटप्प्याने फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) घेऊन प्रत्येक कॉलम मूळ जमिनीत उतरवावा, वर प्लिंथ बीमने (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईने) सगळं बांधून घ्यावं, असं माझं मत. पण शेडीवर फुटिंग टेकवावं का, की आणखी खोल जावं? माती परीक्षणासाठी बोअर कुठे कुठे घ्यायला सांगू?

शिवाय डोंगराकडून येणारं पाणी जोत्याआधीच वळवायला चर किती लांब ठेवावा? कोकणात असं काम केलेल्यांनी कृपया सांगा, दिवाळीनंतर खोदाई सुरू करायची आहे.