मदत हवी आहे: घोड्याची उंची 'हँड'मधून सेंटिमीटरमध्ये

घोड्यांच्या उंचीच्या जुन्या नोंदी सेंटिमीटरमध्ये आणतोय. १ हँड म्हणजे ४ इंच, १०.१६ सेंमी (आपला कोपरापासून मोजायचा हात वेगळा). मी १५.३ ला सरळ १०.१६ ने गुणलं, १५५.४ आले. मग लक्षात आलं, टिंबापुढचा ३ हा दशांश नाहीच, ते ३ इंच आहेत! म्हणजे १५ × ४ + ३ = ६३ इंच, १६०.०२ सेंमी. साडेचार सेंमीची चूक, आणि अशा शंभरेक नोंदी झाल्यात.

स्प्रेडशीटमध्ये टिंबाआधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा करणारं सूत्र कुणी सांगेल का? शिवाय एके ठिकाणी १४.५ लिहिलंय. इंच तर ० ते ३ च येतात. ते साडेचौदा, म्हणजे १४.२ समजून १४७.३२ सेंमी धरू, की नोंद बाजूला ठेवू?