तेजोमेघ पाहून पोट भरतं का? (रात्रीच्या लाइटीवर सुचलेला विषय)

केळीचं खोड (रावेर तालुका)
आठवड्यापासून आमच्याकडे थ्री फेज रात्री १२ नंतर. हरभऱ्याला पाणी धरता धरता काल मान वर केली. मृग ऐन डोक्यावर! आजी त्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायची. त्याच्या खाली तीन फिकट ठिपक्यांची ओळ आहे, त्यातला मधला दुर्बिणीतून पाहिला. तारा नाहीच तो, तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग; दिसायला वाफेसारखा करडा डाग. आपल्यापासून साधारण १,३०० प्रकाशवर्षं लांब, आणि त्या धुरकटात आज नवे तारे जन्मतायत. थंड हायड्रोजन आणि धूळ स्वतःच्याच गुरुत्वाने आकसते, गाभा तापतो आणि एक दिवस चूल पेटते. पायात चिखल, हातात फावडं, तरी दहा मिनिटं हललो नाही. पाटाच्या पाण्याचं बारं फुटलं तेव्हा भानावर आलो. माझं म्हणणं, असल्या शोधांचं कौतुक गणपतीसारखं गावभर व्हायला पाहिजे.

अमळनेरचा
भो, बारं फुटलं हे महत्त्वाचं. कापसाला भाव नाही, पोरं पुण्या-सुरतेला चालली आणि आपण ढगांची आरती करायची? त्या अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला १० अब्ज डॉलर लागले म्हणे. शिवाय फोटोतले रंग कॉम्प्युटरवर भरलेले. तुम्हाला करडा दिसला ना? मग?

केळीचं खोड
पैसा अमेरिका, युरोप आणि कॅनडाचा, तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर बोजा नाही. आपल्या चांद्रयान-३ चा खर्च ६१५ कोटींच्या आसपास.

तापीकाठ
रंगांचं मी सांगतो, शाळेत विज्ञान शिकवतो. वेब टिपते ते इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारं. साधा प्रकाश धुळीत अडतो, हा बराचसा आरपार येतो, म्हणून आत दडलेले बाळतारे सापडतात. मग लांब लहरींना लाल, आखूडना निळा असा क्रम लावतात. ही भाषांतराची गोष्ट झाली, बनवाबनवी नव्हे. जुलै २०२२ मध्ये कॅरिना तेजोमेघाचा तो तपकिरी कड्यांचा फोटो आला, तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर सातपुडा!" त्यातली उंच शिखरं सात प्रकाशवर्षांची आहेत म्हटल्यावर पोरं गप्प झाली. वर्गात शांतता, हे मी वीस वर्षांत क्वचित पाहिलंय.

अमळनेरचा
मुलगी हुशार. पण तिच्या शाळेत प्रयोगशाळा आहे का? आधी ती द्या.

तापीकाठ
नाही. एक कपाट आहे, किल्ली सापडत नाही. तुमचा हा मुद्दा कबूल.

गिरणाखोरं
चाळीसगावजवळ पाटण्याला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला दान दिल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा काय खान्देशात दुष्काळ पडत नव्हते? आकाशाचं वेड आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही.

अमळनेरचा
तुमनं खरं शे. पण त्या दानपत्रात मठाच्या खर्चाची सोय पण लिहिलेली असणार ना? मी तेच म्हणतोय. कौतुक करा, पण सोबत पैसे कुठून येणार तेही लिहा.
बाकी खोडभाऊ, ती दुर्बीण केवढ्याची?

केळीचं खोड
जुनी आहे, मामाची. अमावास्येला या, भरीत-भाकरी माझ्याकडे. लाइट रात्रीचीच असेल, बाऱ्यावर एक जण लागेलच.