१९ महिन्यांचा मुलगा ठोकळे नुसते फेकतो. घरातल्या वस्तूंतून खेळ कसा लावावा?

द्राक्षबाग_तासगाव

घरात दोन लहान मुलं. माझा मुलगा १९ महिन्यांचा, जावेची मुलगी ११ महिन्यांची. दिवसभर दोघं सासूबाईंकडे असतात. लाइटची, गाण्याची खेळणी पोतंभर साठलीत. मुलगा बटण दाबतो, दोन मिनिटं ऐकतो आणि सोडून देतो. ठोकळे आणले तर एकावर एक ठेवणं राहिलं बाजूला, सरळ भिंतीवर फेकतो. मांडणीतले चमचे-वाट्या काढून पसरायला मात्र अर्धा तास पुरत नाही. मुलगी धरून उभी राहते, पलंगाच्या कडेकडेने चालते. तिच्यासाठी माळ्यावरचा पांगुळगाडा काढावा असं सासऱ्यांचं म्हणणं आहे, जाऊबाईंना बसायचा वॉकर घ्यायचाय.

फेकणं थांबवावं का? घरच्या वस्तूंतून नेमकं काय करून द्यावं? पांगुळगाडा की वॉकर? खर्च पाचशेच्या आत बसवायचा आहे. सासूबाईंना समजावून सांगता येईल असं लिहा.

बालवाडी_खटाव

ताई, फेकणं या वयाला धरूनच आहे. हात सुटल्यावर वस्तू कुठे जाते, कसा आवाज होतो, कोण उचलून देतं हे तो पाहत असतो. ते बंद करायला जाऊ नका, फेकायची वस्तू आणि जागा बदला. जुने मोजे गुंडाळून चार-पाच गोळे शिवा, दोन हातांवर प्लास्टिकचं घमेलं ठेवा आणि त्यात टाकायला लावा. कठीण ठोकळे तोवर बाजूला, कारण शेजारी ११ महिन्यांची मुलगी बसलेली असते.

चमचे पसरतो म्हणालात, म्हणजे त्याचा खेळ त्याला सापडलाय. काढणं आणि घालणं. त्यालाच पुढे न्यायचं. झाकणाचा एक मोठा प्लास्टिक डबा घ्या, दोन किलो पीठ मावेल एवढा. झाकणाला साधारण ६ सेंमीचं गोल भोक पाडा आणि कड सँडपेपरने घासा (मेणबत्तीवर वितळवू नका, ती कड पुन्हा टोचते). डब्याच्या तळाशी स्टीलची ताटली ठेवा. मोज्याच्या गोळ्याचा आवाज येत नाही, म्हणून टाकायला साडेचार-पाच सेंमीचे प्लास्टिकचे चेंडू द्या. वस्तू दिसेनाशी होते पण आवाज येतो, म्हणजे ती आत आहे, हे त्याला त्यातूनच कळतं.

भोक जमलं की दुसऱ्या झाकणाला चीर पाडा. टाकायला बरण्यांची ५-६ सेंमीची प्लास्टिकची झाकणं चालतात, पत्र्याची नकोत, कड कापते. चीर टाकायच्या झाकणापेक्षा एक सेंमी लांब आणि जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवा. अगदी फिट्ट केली तर मूल दोनदा प्रयत्न करतं आणि डबाच भिरकावतं. सुरुवातीला चीर मुलाच्या समोर आडवी धरा, आठवडाभराने डबा फिरवून उभी करा. एवढ्याने मनगट वळवावं लागतं आणि खेळ पुन्हा नवा होतो.

इथे बहुतेक घरांत एक गोष्ट चुकते: डब्याचं झाकण घट्ट लावतात. रिकामं करणं हा त्याच्या लेखी अर्धा खेळ आहे, दर वेळी आजीला हाक मारावी लागली तर तो उठून जाणार. झाकण नुसतं टेकवून ठेवा. फिरवून उघडायची झाकणं दोन वर्षांच्या आसपास द्या.

आकार ओळखायचे डबे विकत मिळतात, त्यात पहिल्याच दिवशी आठ भोकं असतात. सात भोकांवर कागद चिकटवा. आधी फक्त गोल, मग चौकोन, त्रिकोण शेवटी. गोल कसाही धरला तरी आत जातो, चौकोन फिरवून जुळवावा लागतो, त्रिकोणाला त्याहून जास्त फिरवावं लागतं.

ठोकळ्यांचा मनोरा साधारण असा वाढतो: सव्वा वर्षाला दोन, दीड वर्षाला तीन-चार, दोन वर्षांना सहाच्या आसपास. पुढेमागे होतं, शेजारच्या मुलाशी मोजमाप नको. आधी तुम्ही रचा आणि त्याला पाडू द्या. पाडायची मजा लागली की रचायला तोच हात लावतो. रिकाम्या औषधांच्या, साबणाच्या खोक्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चिकटपट्टी लावली की हलके ठोकळे फुकटात होतात.

आता पोतंभर खेळण्यांचं. चार-पाचच बाहेर ठेवा, बाकी पिशवीत बांधून वर. आठवड्याने अदलाबदल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाने २०१८ मध्ये ३६ मुलांवर हे तपासलं होतं: समोर १६ खेळणी असताना जेवढं खेळली, त्यापेक्षा ४ असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

सासूबाईंना सांगायचं एवढंच की शिकवू नका, शेजारी बसून जे चाललंय ते बोला. "आत गेलं." "संपलं." "अजून एक?" विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहायचं, उत्तर द्यायला मुलाला तेवढा वेळ लागतो. गाणारी खेळणी इथे नडतात. खेळणं बोलत असलं की मोठी माणसं गप्प बसतात.

तुमच्या अंगणवाडीत 'नवचेतना'बद्दलही विचारा. केंद्राने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी काढलेला आराखडा आहे, त्यात ३६ महिन्यांचे महिन्यावारी खेळ दिलेत.

रंधा_कराड

लाकडाचं मी सांगतो. चौकटी-दारं करणाऱ्या कारखान्यात सागाचे दोन बाय दोन इंचाचे तुकडे पडून असतात, वजनावर मिळतात. रंधून ४५ मिलिमीटर चौरस करा आणि तेवढ्याच लांबीचे १२ तुकडे कापा, चार तुकडे दुप्पट लांबीचे. दुप्पट लांबी अगदी ९० हवी, ८८ झाली तर दोन ठोकळ्यांवर पूल नीट बसत नाही. कडा तीन मिलिमीटर गोल करा, आधी १२० चा सँडपेपर, मग २२०. ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे केस (बारीक तंतू) उभे राहतात, पुन्हा २२० फिरवा. ही पायरी गाळली की पहिल्याच लाळेत ठोकळा खरखरीत होतो. वर खोबरेलाचा हलका हात. रंग, टचवुड, पॉलिश काही नको, मुलं चावतात. प्लायवुड आणि एमडीएफ घेऊ नका, प्लायवुडच्या कडेला फाटी सुटतात, एमडीएफ ओलं झालं की फुगतं.

पांगुळगाडा काढायला हरकत नाही, पण आधी उलटा करून बघा. माळ्यावरच्या गाड्याचा जुना रंग पोपडे धरत असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरात कोरडा घासू नका, धूळ मुलांच्या पोटात जाते. अशा वेळी नवीन दांडी-पाट्या लावून फक्त चाकं वापरणं बरं.

गाडा मुलाला दोन तऱ्हांनी पाडतो. एक, मूल दांडीला लोंबकळतं आणि गाडा मागे कलंडतो. त्यासाठी मागच्या चाकांचा आस (दोन चाकं जोडणारी सळई) दांडीच्या बराच मागे, ८ ते १० सेंमी, असायला हवा. जुने बरेच गाडे दांडीच्या बरोबर खाली आस ठेवून केलेले असतात, ते धोक्याचे. दोन, गाडा पुढे सुसाट पळतो आणि मूल तोंडावर येतं. त्यासाठी अडीच-तीन किलो वाळूची पिशवी खालच्या पाटीवर घट्ट बांधा. बांधायची ती मागच्या आसाच्या जरा पुढे. अगदी पुढच्या एकट्या चाकावर वजन टाकलं तर वळताना गाडा आडवा होतो. शहाबादी फरशी असेल तर चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा. दांडीची उंची मुलीच्या बेंबी ते छातीच्या मध्ये. दांडीला स्क्रू असतील तर काढून आरपार बोल्ट आणि नायलॉनचा नट लावा, स्क्रू महिन्याभरात ढिले होतात.

वॉर्ड_मिरज

बसायचा वॉकर घेऊ नका. पाय जमिनीला चवड्यावर टेकतात, चालणं लवकर येत नाही, आणि मूल क्षणात उंबरा, जिना, चुलीपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं. तरी ओसरीच्या कडेला आणि पायऱ्यांजवळ मोठं माणूस हवंच.

वस्तूंच्या मापाचं सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आतून ३२ मिलिमीटर व्यासाची कागदी नळी करा, उंची ५७ मिलिमीटर. त्यात पूर्ण मावेल ती वस्तू खेळात नको. चेंडू किमान ४५ मिलिमीटरचा, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे तेही नको. दोन वयांची मुलं एकत्र असतात तिथे माप नेहमी धाकटीचं धरायचं.

सागरगोटे, चिंचोके, शेंगदाणे, फुटाणे दोघांच्याही हाती देऊ नका. तासगावात द्राक्षं आणि बेदाणे घरोघर, म्हणून मुद्दाम लिहिते: द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या, नुसतं अर्धं केलं तरी अडकतं.

लाइटच्या खेळण्यांतली बटणासारखी बॅटरी सर्वांत वाईट. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर खेळणं घराबाहेर. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढू नका, लगेच एक्स-रे असलेल्या दवाखान्यात जा. बारीक चुंबकांचंही तसंच. नवीन घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. जत्रेतल्या सुट्ट्या मालावर बहुधा नसते.

टीव्ही-मोबाइलचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच.

आज्जी_वाई

सगळं वाचलं. पण डाळी-कडधान्यं ताटात निवडायला बसवली तर मुलं किती रमतात! आमच्याकडे सगळी नातवंडं त्यावरच वाढली. आणि कणकेचा गोळा कुणी लिहिलाच नाही.

वॉर्ड_मिरज

आज्जी, कडधान्य तीन वर्षांनंतर द्या, आणि समोर बसून. हरभरा नाकात गेला की तिथेच फुगतो, मग काढायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. हवंच असेल तर अर्धा लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाव भाग ज्वारी भरा, झाकण अराल्डाइटने चिकटवून एक दिवस सुकवा. धान्य घसरताना दिसतंही, वाजतंही. पूर्ण भरली तर आवाजच येत नाही. झाकण दर आठवड्याला ओढून बघा.

बालवाडी_खटाव

कणीक उत्तम. बाजारच्या मातीसारखी टिकावी म्हणून वाटीभर मीठ घालायची कृती सगळीकडे दिसते, ती या वयाला नको. मुलगा खाणार, आणि एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. साधी कणीक, चमचाभर तेल, रोज ताजी. रंगाला चिमूटभर घरची हळद. त्यात सोडा पडला तर गोळा लाल होतो, घाबरू नका. पांढऱ्या कपड्यांवर मात्र बसवू नका.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे आभार. रंधादादा, गाडा उतरवून बघितला. आस दांडीच्या बरोबर खाली आहे. पाटी लांबवून आस मागे नेता येईल का, की नवीनच करावा?

रंधा_कराड

वहिनी, नेता येतो. खालच्या दोन्ही बाजूपट्ट्यांना आतून सागाची २५ मिलिमीटर जाडीची पट्टी लावा, जुन्या लाकडावर किमान १५ सेंमी चढलेली, दोन-दोन बोल्टनी. खिळे नकोत, हादऱ्याने निघतात. आसाचं भोक नव्या पट्टीत, टोकापासून तीन सेंमी आत, नाहीतर लाकूड चिरतं. लावून झालं की मुलीला द्यायच्या आधी दांडीला दहा किलोची तांदळाची पिशवी लटकवा. पुढचं चाक उचललं तर वाळू अजून एक किलो वाढवा आणि पिशवी बोटभर पुढे सरकवा.